समतोल साधला गेला आहे!

व्हीएमवेअर कंपनीने 2011 मध्ये व्हीस्फिअर 5 या व्हीएम (आभासी संगणक) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर स्टोरेज डीआरएस, म्हणजे व्हीएम साठवणुकीत आपोआप वाटून ठेवणारी सोय, आणलं आणि स्टोरेज सांभाळण्याचं काम कायमचं मिटलं. दिसतील तेवढी डेटास्टोअर (व्हीएम ठेवायच्या साठवणुकीच्या जागा) गोळा करा, एका क्लस्टरमध्ये कोंबा आणि घरी जा. कुठली व्हीएम कुठे ठेवायची आणि कधी हलवायची, ते आता यंत्र बघेल. तुम्ही फक्त थोडी पथ्यं पाळा.

मुख्य पथ्य, भेदभाव नको. वेगवान एसएसडीवरचं डेटास्टोअर आणि जुन्या, संथ साटा डिस्कवरचं डेटास्टोअर एकाच क्लस्टरमध्ये सुखाने नांदू द्या. जागा ती जागा. ऐन महिनाअखेरीला पगाराचा डेटाबेस साटावर जाऊन बसला, तर अकाउंट्सवाल्यांना सांगा की समतोल साधला गेला आहे. सगळी डेटास्टोअर एकाच ॲरेच्या (अनेक डिस्क असलेल्या साठवणूक-यंत्राच्या) त्याच डिस्कगटातून कापलेली असतील तर सोन्याहून पिवळं! कोठी तीच, पोतं फक्त या भिंतीचं त्या भिंतीला. वाहून नेण्याचा भार त्याच डिस्कवर पडतो, हे अलाहिदा.

मूळ सेटिंगला हात लावू नका. जागेची मर्यादा 80 टक्के, लेटन्सीची (डिस्ककडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळाची) 15 मिलीसेकंद, आय/ओची (वाचन-लेखनाच्या भाराची) तपासणी दर 8 तासांनी. 80 टक्के भरल्यावर 500 जीबीच्या डेटास्टोअरमध्ये 100 जीबी उरतात, 10 टीबीच्या डेटास्टोअरमध्ये 2 टीबी. दोघांना नियम एकच. याहून मोठी समता कुठे पाहिलीत? नुसत्या एसएसडींच्या, म्हणजे ऑल-फ्लॅश ॲरेची लेटन्सी एकवरून आठ मिलीसेकंदांवर गेली आणि फोन खणखणू लागले, तरी डगमगू नका. आठ म्हणजे पंधराच्या आतच. यंत्राला मान्य आहे, युजरलाच पोच नाही.

ॲरे स्वतःच गरम (सतत वापरातले) डेटाचे ब्लॉक वेगवान डिस्कवर चढवत असेल, तर डीआरएसचा लेटन्सीचा भाग आवर्जून चालू ठेवा. अशा ॲरेवर तो बंद ठेवा, असा व्हीएमवेअरचाच सल्ला आहे, पण डॉक्युमेंट वाचायला आपण काय रिकामे बसलोय? ॲरेने निरखून-पारखून ब्लॉक वर न्यावेत, डीआरएसने ती व्हीएमच उचलून दुसरीकडे ठेवावी, मग ॲरेने पुन्हा पहिल्यापासून निरखायला बसावं. दोघंही कामात राहतात.

रेप्लिकेट होणारी (जिची प्रत दुसरीकडे ठेवली जाते ती) आणि न होणारी डेटास्टोअर मिसळायला विसरू नका. एखादी महत्त्वाची व्हीएम जागा बघून न होणाऱ्यात मुक्कामाला जाईल. हे तुम्हाला डीआर ड्रिलच्या (आपत्तीनंतर सगळं पुन्हा उभं करण्याच्या तालमीच्या) दिवशी कळेल. तोवर झोप उत्तम लागते.

इतकं सगळं झेपणार नसेल, तर राजमार्ग आहे: मॅन्युअल मोड. शिफारशी येत राहतात आणि कोणी 'अप्लाय' दाबत नाही. ऑडिटर विचारतो, "स्टोरेज लोड बॅलन्सिंग आहे का?" तुम्ही म्हणता, "आहे ना!" आणि ते खरंही असतं.

व्हीस्फिअर 8 च्या काळात कंपनीने जाहीर केलं की, आय/ओ बघून समतोल साधणारा भाग पुढच्या एखाद्या आवृत्तीत जाणार. मॅन्युअलवाल्यांनी मुळीच घाबरू नये. तो गेल्याचं कळायला आधी कोणीतरी शिफारशींचं पान उघडावं लागेल.