रेगे म्हणजे गांजा, असं सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

वसईतल्या माझ्या भाचीच्या गायकवृंदाने यंदाच्या नाताळासाठी एक कॅरल, म्हणजे नाताळगीत, रेगे संगीताच्या ठेक्यावर बसवलं होतं. मग एक फॉरवर्ड फिरला आणि ते गाणं कार्यक्रमातून गेलं. त्यातले दावे असे: रेगे हे गांजेकस रस्ताफारींचं (जमैकातल्या एका धार्मिक पंथाच्या लोकांचं) ख्रिस्तद्वेष्टं संगीत; ते लोक नाताळ मानतच नाहीत; रेगे कॅरल ही अमेरिकी कंपन्यांची अलीकडची क्लृप्ती; आणि सुरुवात केली ती बोनी एम या पॉप गटाने. शेवटी हात जोडलेला इमोजी, वर रेगेचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ले याचा धुरातला फोटो.

पोरांचं गाणं खाल्लं ते पहिल्या दाव्याने. रेगे कॅरिबियनमधल्या जमैका बेटाचं. तिथल्या २०११ च्या जनगणनेत रस्ताफारी निघाले जेमतेम एक टक्का, आणि दोन तृतीयांशांहून जास्त लोक ख्रिस्ती. १९६८ मध्ये 'डू द रेगे' गाऊन या संगीताचं नाव रेकॉर्डवर आणणारा टूट्स हिबर्ट लहानपणी चर्चमध्ये गातच घडला. आणि फोटोतल्या मार्लेने नोव्हेंबर १९८० मध्ये इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढच्या मे महिन्यात अंत्यविधीही त्याच चर्चच्या रीतीने झाला. ख्रिस्तद्वेष्टा माणूस बाप्तिस्मा घेतो होय?

गांजा नाहीच, असं मी म्हणत नाही. रेगे गायक जेकब मिलरने १९७८ च्या 'नॅटी ख्रिसमस'मध्ये कॅरलचे शब्द फिरवून सरळ गांजाच मागितलाय. तो रेकॉर्ड चर्चमध्ये लावू नका, कबूल. पण तमाशात वाजते म्हणून ढोलकी कुणी भजनातून हाकलली का? पोरांनी ठेका घेतला होता, शब्द आपलेच होते.

नाताळ न मानण्याचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. बरेच रस्ताफारी २५ डिसेंबर पाळत नाहीत. काही जण इथिओपियन रीतीने ७ जानेवारीला साजरा करतात. पण एक टक्क्याचा रिवाज अख्ख्या बेटाच्या माथी कशाला? २४ तारखेला तिथे ग्रँड मार्केट भरतं आणि माणसं रात्री उशिरापर्यंत बाजारात असतात. घरोघरी रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याचा केक आणि सॉरेल, म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं पेय. गुलामगिरीच्या काळात नाताळात थोडे दिवस सुट्टी मिळायची, त्यातून रुजलेला जंकनूचा मुखवट्यांचा नाच अजून टिकून आहे.

अमेरिकी क्लृप्ती? मार्लेच्याच वेलर्स या गटाने 'व्हाइट ख्रिसमस' गायलं ते १९६५ च्या सुमारास, किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये. तेव्हा रेगे हे नावही रुळलं नव्हतं. पुढे कार्लीन डेव्हिस आणि ट्रिनिटी या जमैकन कलाकारांनी सांताक्लॉजलाच विचारलं, तू कधी गरिबांच्या वस्तीत येतोस का? माल खपवणाऱ्या कंपनीला हा प्रश्न सुचला असता, असं खरंच वाटतं तुम्हाला?

राहिले बोनी एम. गायिका कॅरिबियन मुळाच्या, हे खरं. पण निर्माता पश्चिम जर्मनीतला, बाज डिस्कोचा, आणि साल १९७८. त्यांचं 'मेरीज बॉय चाइल्ड' हे नाताळचं गाणंही गायक हॅरी बेलाफॉन्टेने १९५६ मध्येच गाऊन ठेवलेलं.