परदेशातून: गादीवरचे प्लास्टिक

ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या घरी, गेली काही वर्षे फोनवर एकच विषय निघतो. दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, २०२०-२१ च्या तुकडीत बी.एस्सी. नर्सिंगला गेली आणि तीन वर्षे उलटली तरी तिची पहिल्या वर्षाची परीक्षा झालेली नव्हती. बोगस कॉलेजे सरकारने सरसकट बंद करावीत, असे दादाचे म्हणणे; बंद केलीत तर मुलींची गेलेली वर्षे कोण भरून देणार, असा वहिनींचा सवाल. बोलणे अडले की दोघेही माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "तुमच्याकडे अमेरिकेत हे कसे चालते?" मी ह्यूस्टनमध्ये चौदा वर्षे नर्सिंग शिकवते आहे आणि आमच्या अभ्यासक्रमाच्या तपासणीची तयारी मी दोनदा जवळून केली आहे. म्हणून या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणे मला पटत नाही.

भाचीने एकदा मला एक फोटो पाठवला होता. कॉलेजच्या तपासणीची ती आदली संध्याकाळ. तळमजल्याच्या हॉलमध्ये लोखंडी खाटा ओळीने मांडलेल्या, गाद्यांवरचे प्लास्टिक तसेच, सलाइनचे स्टँड उभे पण एकावरही बाटली नाही. नियमाप्रमाणे नर्सिंग कॉलेजला १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय लागते आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावे लागतात, म्हणून त्या हॉलला एका दिवसापुरते रुग्णालय व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी पथक आले, खाटा मोजून गेले. तिसऱ्या दिवशी खाटा टेम्पोत भरून परत गेल्या. "आत्या, त्यांनी आमच्यापैकी कुणालाच काही विचारले नाही," हे तिचे वाक्य मला त्या फोटोपेक्षाही जास्त लागले.

ही एका कॉलेजची गोष्ट असती तर मी लिहिले नसते. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांचे प्रकरण २०२२ पासून उच्च न्यायालयात आहे. एकच शिक्षक कागदावर अनेक कॉलेजांत दाखवलेला आणि वर्गात कधी न येणारे 'नॉन-अटेंडिंग' विद्यार्थी, असे सगळे त्यात पुढे आले. ग्वाल्हेर खंडपीठाने २०२३ मध्ये परीक्षाच स्थगित केल्या. सीबीआयने ३०८ कॉलेजे तपासली. १६९ योग्य, ७३ मध्ये उणिवा आणि ६६ अयोग्य, असा अहवाल दिला. आणि मग मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयचे स्वतःचेच अधिकारी पकडले गेले, तेव्हा न्यायालयाला योग्य ठरलेल्या कॉलेजांचीही फेरतपासणी, न्यायिक अधिकाऱ्यांना सोबत घेऊन, करायला लावावी लागली. तपासणारा बदलून पाहिला, तरी तपासणीची रीत तीच राहिली: बाहेरचा माणूस एका दिवशी येतो, बंद खोलीत अहवाल लिहितो आणि तो अहवाल विद्यार्थ्यांच्या हाती कधी पडत नाही.

टेक्ससमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या घरच्या चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली आहे राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता. ती सक्तीची आहे. तिच्याशिवाय कॉलेजच्या मुली नर्स म्हणून काम करण्यासाठी लागणाऱ्या परवाना परीक्षेला बसू शकत नाहीत. दुसरी आहे अधिस्वीकृती, म्हणजे शिक्षणाचा दर्जा तपासून दिलेली पावती. ती आपल्याकडे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या जातीची, पण फक्त नर्सिंगपुरती. ती देणाऱ्या संस्था सरकारी नाहीत आणि ती कायद्याने सक्तीचीही नाही. तरी माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत नोकरी हवी असेल किंवा पुढे एम.एस्सी. करायची असेल, तर मुलगी अधिस्वीकृत कॉलेजची आहे का, हे पाहिले जाते. म्हणून कॉलेजे आपण होऊन तिच्यामागे धावतात.

राज्याच्या मंडळाचा मला सर्वांत भावलेला नियम अगदी साधा आहे. परवाना परीक्षेला पहिल्यांदा बसलेल्यांपैकी किमान ८० टक्के उत्तीर्ण व्हायला हवेत. एक वर्ष आकडा खाली गेला तर कॉलेजने स्वतःच्या चुका शोधून लेखी द्यायच्या. दुसऱ्या वर्षीही गेला तर ताकीद. तिसऱ्या वर्षी मान्यता सशर्त होते आणि नवे प्रवेश थांबतात. आणि प्रत्येक कॉलेजचा हा आकडा मंडळ जाहीर करते. प्रवेश घेण्याआधी कोणाचाही बाप तो घरबसल्या वाचू शकतो.

अधिस्वीकृतीची सुरुवात पथकापासून होत नाही, कॉलेजने स्वतःबद्दल लिहिलेल्या लांबलचक अहवालापासून होते. आमचा अहवाल लिहायला वर्षभर लागले. त्यानंतर दुसऱ्या राज्यांतल्या नर्सिंग कॉलेजांत शिकवणारे तीन-चार जण येतात, आणि त्यांना काय विचारायचे ते माहीत असते, कारण ते स्वतः हेच काम करतात. त्यांच्यापैकी एका वयस्कर बाईंनी आमच्या विद्यार्थ्यांना एका खोलीत घेतले, आम्हा शिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगितले आणि दार लावून घेतले. मुलींनी नंतर सांगितले की, गेल्या आठवड्यात कोणत्या वॉर्डात होतात, किती रुग्ण तुमच्याकडे होते, इंजेक्शन देताना शेजारी कोण उभे होते, एवढेच त्या विचारत होत्या. मग त्याच बाईंनी मला दोन वर्षांपूर्वीच्या एका बैठकीचे इतिवृत्त मागितले, ज्यात एका विषयाचे निकाल घसरल्यावर आम्ही काय बदल केला होता ते नोंदलेले असायला हवे होते. ते सापडेपर्यंत माझे हात थंड पडले होते. त्या दिवशी कोणी खाटा मोजल्या नाहीत.

अमेरिकेत सगळे चोख आहे, असे मात्र मी दादाला कधीच सांगणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे उघड झाले आणि २५ जणांवर आरोप ठेवले गेले. त्या कागदांच्या जोरावर परवाना परीक्षा देऊन सुमारे २,४०० जण उत्तीर्णही झाले होते. म्हणजे नुसती परीक्षाही पुरत नाही. रुग्णाजवळ घालवलेले तास परीक्षेत उमटतातच असे नाही. ते तास कोणीतरी जाऊन, विद्यार्थ्यांशी बोलून, पडताळावेच लागतात.

वहिनींच्या प्रश्नालाही इथे उत्तर आहे, आणि ते मला दादाच्या उत्तरापेक्षा मोठे वाटते. कॉलेज बंद होणार असेल, तर चालू तुकडीचे शिक्षण कुठे आणि कसे पूर्ण होईल, याची लेखी योजना अधिस्वीकृती देणारी संस्था कॉलेजकडून मागते. दार लावण्याआधी आतल्या मुलींची सोय लावायची. मध्य प्रदेशात मुलींना त्यांच्या परीक्षांसाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

२०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायद्याने १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायची आहे, आणि त्यात संस्थांच्या मूल्यांकनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाने अमेरिकेची नक्कल करावी असे मला मुळीच वाटत नाही. मला एवढेच हवे आहे की, कोणते कॉलेज कोणत्या रुग्णालयाच्या कोणत्या वॉर्डात कोणत्या दिवशी किती मुली पाठवते, हे तक्त्यात लिहून सर्वांना दिसेल असे लावावे. ग्वाल्हेरच्या एकट्या जयारोग्य या सरकारी रुग्णालयातल्या त्याच खाटा किती कॉलेजांच्या कागदांवर चढल्या आहेत, हे त्या एका तक्त्यातून कळेल. त्यासाठी सीबीआय लागणार नाही, वॉर्डातली सिस्टरही ते सांगू शकेल. आणि तपासणीच्या दिवशी मुलींशी शिक्षकांच्या माघारी बोलावे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या नातीला नर्सिंगला घालायचे म्हणून दादा तिच्याबरोबर दोन कॉलेजे पाहून आला. इमारत कशी आहे, हे त्याने या वेळी सांगितलेच नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना तो फाटकाबाहेर भेटला होता, आणि मागच्या सोमवारी त्या कुठल्या वॉर्डात होत्या, हे त्याने विचारले होते. एका कॉलेजच्या मुलींनी लगेच सांगितले. दुसऱ्या कॉलेजच्या मुली एकमेकींकडे पाहत राहिल्या.