स्नॉर्केलिंगची जागा फोटो बघून ठरवू नका

कुणी बेटावर सुट्टीला निघालं की स्नॉर्केलिंगबद्दल, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं जग बघण्याबद्दल, हमखास विचारतं, "तिथली स्नॉर्केलिंगची सगळ्यात भारी जागा कुठली?" मी उलट विचारते, महिना कुठला, वारा कुठून आणि पाण्यात उतरणार किती वाजता? लोकांना वाटतं मी उत्तर टाळतेय. पण ज्या किनाऱ्यावर सकाळी तळाची वाळू स्पष्ट दिसते, तिथेच दुपारी वारा सुटला की पाणी ढवळून निघतं आणि हातभर अंतरावरचा मासा दिसेनासा होतो. म्हणून माझं ठाम मत सांगते. यादीतल्या पहिल्या नावामागे धावू नका. वाऱ्याच्या आडोशाला असलेली, किनाऱ्यावरून चालत उतरता येईल अशी, नीट राखलेली एक रीफ (पाण्याखालची प्रवाळाची रांग) शोधा आणि सुट्टीभर तिथेच पुन्हा पुन्हा जा.

आधी वाऱ्याचं बघू. उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच बेटांवर व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा शांत असतो. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर हे डोळ्यांनी दिसतं. पूर्वेला लाटा खडकांवर आदळत असतात आणि पश्चिमेला रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, प्रत्येक दगडावर तिथल्या जागेचं नाव. गाडी थांबवायची आणि सरळ पाण्यात उतरायचं. मालदीवमध्ये मात्र वारे मोसमी. साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येकडून आणि डिसेंबर ते एप्रिल ईशान्येकडून, त्यामुळे आडोशाची बाजू ऋतूप्रमाणे बदलते. नुसत्या वाऱ्यावरही भागत नाही. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर शार्क्स कोव्ह नावाची जागा आहे. उन्हाळ्यात तिथे खडकांमधलं पाणी संथ असतं. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून त्याच खडकांवर फुटतात आणि तेव्हा तिथे उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून कुणी एखादी जागा सुचवली की कोणत्या महिन्यातला अनुभव आहे, हे आवर्जून विचारा.

सुंदर किनारा आणि सुंदर रीफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, प्रवाळाचं बहुतेक अन्न तेच तयार करतं आणि त्याला ऊन लागतं. त्यामुळे प्रवाळ वाढतं ते नितळ, उथळ पाण्यात. नदीच्या मुखाशी गाळ आणि गोडं पाणी, तिथे ते टिकत नाही. पांढऱ्या वाळूचा लांबलचक पट्टा फोटोत छान दिसतो, पण तिथे माशांना लपायला काहीच नसतं. मासे सापडतात किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना, जिथे वाळू संपून खडक सुरू होतो.

घरबसल्या करण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे बेटाचा उपग्रह नकाशा नीट बघणं. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पांढऱ्या फेसाची रेघ दिसली, तर ती रीफची बाहेरची कड. रेघेच्या आतलं फिकट निळं पाणी म्हणजे लगून. त्यातले गडद डाग एकतर प्रवाळाचे, नाहीतर सागरी गवताचे (गवत असलं तरी हिरमुसू नका, हिरवी कासवं चरायला तिथेच येतात). आता त्या पांढऱ्या रेघेत कुठे फट आहे का बघा. तिथे लाट फुटत नाही, पाणी गुळगुळीत दिसतं आणि नवखा माणूस नेमका तिकडेच वळतो. तीच खरी धोक्याची जागा! लाटा रीफवरून लगूनमध्ये सारखं पाणी लोटत असतात आणि त्या पाण्याला परत जायला सोपी वाट म्हणजे ती फट. ओहोटी लागली की तिथली ओढ आणखी वाढते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फारच. पट्टीचा पोहणारासुद्धा फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) मारत जागच्या जागी राहतो. अशा ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध झगडून दमू नका, आडवं पोहून तिच्यातून बाहेर पडा.

पूर्ण ओहोटीत दुसरी अडचण. रीफच्या सपाट माथ्यावर इतकं कमी पाणी उरतं की पोट प्रवाळाला घासतं. तुम्ही सोलवटून निघता आणि प्रवाळही मोडतं. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या सुमाराची वेळ साधा, आणि ती सकाळी येत असेल तर फारच उत्तम. उतरण्याआधी काठावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. लाट कुठे फुटते, फेस कुठे वाहत जातो, बाहेर यायचं कुठून, हे आधी ठरवा. ही दहा मिनिटं काढायचा धीर नसेल तर त्या दिवशी उतरूच नका.

बोटीतून एका दिवसात पाच जागा दाखवणाऱ्या सहली मला पटत नाहीत. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, त्यात उतरण्या-चढण्यात निम्मा वेळ जातो आणि वर माशांना पाव टाकून गोळा करायचं. पावाला जमलेली झुंबड म्हणजे रीफ नव्हे. एकाच प्रवाळाच्या ढेकळावर हात-पाय न हलवता तरंगत राहा. आधी कुरकुर असा आवाज ऐकू येतो. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडत असतो आणि थोड्या वेळाने पोटातून बारीक वाळूचा ढग सोडून पुढे जातो. मग लक्षात येतं की एक मोठा मासा तोंड उघडून स्तब्ध थांबलाय आणि बोटाएवढा निळा-काळा 'क्लीनर रास' नावाचा मासा त्याच्या कल्ल्यांत शिरून परजीवी टिपतोय. दुसऱ्या दिवशी गेलात तर तोच व्यवहार त्याच जागी चाललेला दिसतो. धावत्या सहलीत हे दिसणं शक्यच नाही.

जिथे नियम कडक, ती जागा निवडा. हवाईतला हनौमा बे आठवड्यातून दोन दिवस बंद असतो आणि नव्या माणसाला आधी रीफची माहिती देणारी फिल्म बघावी लागते. थायलंडने माया बे 2018 मध्ये बंद केला आणि 2022 मध्ये उघडला तो बोटींना किनाऱ्यावर मज्जाव करूनच. फिलिपीन्समधल्या अपो बेटावर तर गावकऱ्यांनीच 1980 च्या दशकात किनाऱ्याचा एक भाग मासेमारीला बंद ठेवून राखला. लोकांना या अटी जाचक वाटतात, मला त्यात आपला फायदा दिसतो.

फोटोंची तारीखही बघा. पाणी तापलं की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा चौथ्या मोठ्या घटनेची घोषणा केली. त्याआधीचे रंगीत फोटो अजून सगळीकडे फिरताहेत, म्हणून अलीकडे तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारा. सनस्क्रीनचंही लक्षात असू द्या. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून ऑक्सिबेन्झोन हे प्रवाळाला घातक मानलं जाणारं रसायन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घाला, पाठ हमखास वाचते.

राहायची जागा बुक करण्याआधी रीफची कड किनाऱ्यापासून किती मीटरवर आहे, हे नक्की विचारा. मालदीवमधल्या काही बेटांवर ती चार हात मारले की लागते, काहींवर मधे इतकं रुंद लगून असतं की दर वेळी बोट करावी लागते. जाहिरातीतलं निळंशार पाणी दोन्हीकडे सारखंच दिसतं. गोलगोल उत्तर मिळालं तर दुसरं बेट बघा.