मसाई पठारावरची ‘१०० मीटरची दुर्बीण’

कोल्हापूरच्या आकाशनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: मसाई पठारावर १०० मीटर अंतराने दोन ८ इंची दुर्बिणी लावा, फोटो संगणकावर जोडा, झाली १०० मीटरची दुर्बीण, ठळक ताऱ्याला चिकटलेला मंद सोबतीही दिसेल.

बारकावे टिपण्यापुरतं १०० मीटर खरं. प्रकाश मात्र १०० मीटरच्या आरशाच्या जेमतेम सव्वा लाखावा हिस्सा मिळतो, आणि मंद सोबत्यासाठी नेमका तोच कमी पडतो.

खरी गोची ‘फोटो जोडा’मध्ये आहे. रेडिओ दुर्बिणी लहरीची फेज, म्हणजे लहर त्या क्षणी चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, नोंदवून ठेवतात. कॅमेरा फक्त तीव्रता टिपतो, फेज तिथेच जाते. म्हणून दोन्हीकडचा प्रकाश त्याच क्षणी एकत्र मिसळावा लागतो, तेव्हा उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात आणि माहिती त्यांतच असते. १० नॅनोमीटरचा हिरवा फिल्टर लावला तरी दोन वाटांच्या लांबीत ३० मायक्रॉनहून जास्त फरक चालत नाही, पट्टे पुसले जातात. त्यात तारा सरकतो तसा हा फरक सेकंदाला ७ मिलिमीटरपर्यंत बदलतो. चिलीत पारानालच्या वेधशाळेत आरशांच्या गाड्या रुळांवर धावतात त्या यासाठीच. हवा तर काही मिलिसेकंदांतच पट्टे हलवते. कुणी ऑस्ट्रेलियातल्या नॅराब्रीच्या जोडदुर्बिणीचा दाखला देईल. तिथे तीव्रताच जुळवली होती, पण फोटो काढून नव्हे, ६.५ मीटरच्या दोन परावर्तकांवरच्या फोटोमल्टिप्लायरचे (प्रकाशाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या नळ्यांचे) सिग्नल थेट जुळवून. तरी हाती आले ते ३२ तेजस्वी ताऱ्यांचे व्यास.

आणि सोबती ठिपका म्हणून दिसतच नाही. शंभरपट मंद सोबती पट्ट्यांचा उठाव (उजेड-अंधारातला फरक) फार तर २ टक्क्यांनी घटवतो. हवा त्याहून जास्त घटवते. म्हणून तीन दुर्बिणींच्या तीन जोड्यांच्या फेजची बेरीज घेतात. हवेची चूक त्यात कटते, उरतो सोबत्यामुळे आलेला अंशभराच्या आसपासचा फरक. उपकरणाची चूक वजा करायला आधी-नंतर एकटा समजला जाणारा संदर्भतारा मोजायचा. तोच जोडतारा निघाला तर खोटा सोबती पदरात! २०१९ मध्ये पारानालच्याच ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणाने एचआर ८७९९ ई हा परताऱ्याचा ग्रह टिपला, पण ८.२ मीटरच्या चार दुर्बिणींनी, आणि त्याची जागा आधीच माहीत होती.

पठारावर हौस भागवायचीच तर एकाच ८ इंचीच्या तोंडावर पुठ्ठा लावा. ३० मिमीची दोन भोकं, केंद्रांत १५० मिमी अंतर. २००० मिमी फोकल लेंथ, ३ एक्स बार्लो (फोकल लेंथ तिप्पट करणारं भिंग), हिरवा फिल्टर, २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा आणि १० मिलिसेकंद एक्स्पोजर, म्हणजे एका पट्ट्याला सातेक पिक्सेल मिळतात. पुठ्ठा फिरवत जा. सारख्या तेजाच्या, ०.३८ आर्कसेकंद अंतराच्या जोडीच्या रेषेत भोकं आली की पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. व्याधाचा सोबती असलेला श्वेत बटू तारा मात्र यात शोधू नका. तो ११ आर्कसेकंद दूर आणि नऊ हजार पटींनी मंद. त्याला पुठ्ठा काढून, हवा शांत असेल त्या रात्री, व्याध आकाशात सर्वांत उंच, ५७ अंशांवर आला की बघा.