तेहरानचा वाद्यवृंद : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तेहरान सिम्फनी ऑर्केस्ट्रावरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. संगीतच निषिद्ध मानणाऱ्या राजवटीत २०१५ साली झालेले या वाद्यवृंदाचे ‘पुनरुज्जीवन’ हा निव्वळ सरकारी देखावा होता, हा पहिला. आणि बेथोवन, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत, ही इराण्यांची उसनी हौस आहे, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात देतो. हा वाद्यवृंद १९३३ साली स्थापन झाला. दोन-तीन पिढ्यांनी जोपासलेल्या हौसेला उसनी म्हणणे मला पटत नाही. शिवाय आपल्या मुंबईत २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तो कझाकस्तानच्या मरात बिसेनगालिएव्ह या व्हायोलिनवादकाच्या सहभागाने आणि तिथून आलेल्या अनेक वादकांच्या बळावर. आणि कझाकस्तानही मुस्लिमबहुल देशच आहे; म्हणजे अशा देशात हे संगीत रुजू शकते.

पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. १९७९ मध्ये इस्लामी क्रांतीचे नेते खोमेनी यांनी संगीताला अफूच्या पंक्तीला बसवले, आणि आजही तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवर वादन ऐकू येत असताना पडद्यावर वाद्याऐवजी फुले दिसतात. तरीही २०१२ मध्ये हा वाद्यवृंद बंद पडला तो फतव्यामुळे नव्हे, तर पैशांअभावी. वादकांचे पगारच थकले होते. पुढे राष्ट्राध्यक्ष हसन रुहानी यांच्या सरकारच्या काळात युरोपात कारकीर्द घडवलेले वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) अली रहबरी परतले, वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये बेथोवनची नववी सिम्फनी वाजली. मिश्र श्रोतृवर्गापुढे स्त्रीने एकटीने गाण्यास जिथे मनाई आहे, तिथे दोन एकल स्त्रीस्वर मागणारी हीच कृती निवडली जावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

केवळ देखावाच असता, तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला प्रसंग घडला नसता. तेहरानमधील एका आंतरराष्ट्रीय कुस्ती स्पर्धेत राष्ट्रगीत वाजवण्यासाठी वाद्यवृंदाला बोलावले होते. वादक वाद्ये घेऊन हजर झाले आणि ऐन वेळी त्यांना सांगण्यात आले की, स्त्रियांना मंचावर येता येणार नाही. राष्ट्रगीत इस्लामी प्रजासत्ताकाचेच होते, हे विसरू नये! रहबरींनी स्त्रियांना वगळून वाजवण्यास नकार दिला आणि सगळा वाद्यवृंद न वाजवताच परतला. दिखाऊ बाहुल्या अशा परतत नाहीत.

अर्थात, पुढच्याच वर्षी रहबरींनी राजीनामा दिला आणि संचालकपद शहरदाद रोहानी यांच्याकडे गेले, हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते. ते न लिहिल्यामुळे चित्र आहे त्याहून उजळ झाले, ही माझी चूक. ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाने वाद्यवृंदाला कायमचे स्थैर्य लाभल्याचा भास होतो, एवढे म्हणूनच मान्य करतो. लेखात त्या जागी ‘पुनःस्थापना’ असा बदल केला आहे आणि रहबरींच्या राजीनाम्याचे वाक्य जोडले आहे. ‘देखावा’ हा शब्द मात्र घेतलेला नाही.