संकष्टीची जास्वंद

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून परतताना, नुसती फुले पाहण्यापेक्षा ती रंगवावीत, असे आमच्या सोसायटीतल्या चौघांना एकाच रिक्षात वाटले आणि तेथेच आमच्या रविवारच्या सकाळी संपल्या. चाराचे पुढे नऊ झाले. शाळेत असताना मी एलिमेंटरीच्या परीक्षेत ‘क’ श्रेणी मिळवली होती, आणि तीही स्मरणचित्राच्या पेपराला काहीएक आठवले नसताना. परंतु एवढेही प्रमाणपत्र गटात दुसऱ्या कोणाकडे नसल्यामुळे मला जाणकार मानण्यात येते.

रविवारी साडेसातला आम्ही स्टुले घेऊन सोसायटीच्या बागेत बसतो. जलरंगासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद लागतो, आणि तो इतका महाग असतो की त्यावर पहिली रेघ मारण्याचे धैर्य गोळा करण्यातच चहाची वेळ होते. गटातल्या एका वहिनींनी गुलबक्षी निवडली. ती संध्याकाळच्या सुमारास उमलते आणि आपण पोहोचेपर्यंत मिटू लागलेली असते, हे त्यांच्या ध्यानात तिसऱ्या रविवारी आले. तोवर त्यांचा पानांवर चांगला हात बसला होता. दुसरे एक सदस्य अभ्यासू आहेत. बोगनवेलीचे गुलाबी दिसते ते फूल नव्हेच, ती सहपत्रे, म्हणजे फुलाभोवतीची रंगीत पाने, खरे फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली पांढरट नळी, हे वाचल्यापासून ते फक्त खरे फूल रंगवतात. पांढऱ्या कागदावर पांढरे फूल असल्याने त्यांचा कागद दोन रविवार कोरा आहे आणि ते अत्यंत समाधानी आहेत.

मी जास्वंद घेतली, कारण ती सोपी वाटली. जवळून पाहिल्यावर कळले की तिची प्रत्येक पाकळी एका कडेने शेजारणीच्या वर आणि दुसऱ्या कडेने दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते, त्यामुळे सुरुवात कोठून करावी हेच सापडत नाही. मधून निघालेल्या दांड्याला पिवळ्या परागांचे दाणे आणि टोकाला मखमली लाल ठिपके, तेही बरोबर पाच. शिवाय रंगाचा प्रश्न आहेच. सावलीसाठी लालात काळा मिसळला की आमसूल होते, उजेडासाठी पांढरा मिसळला की दंतमंजन. सगळ्यांत वाईट म्हणजे हे फूल एक दिवसाचे असते, आणि माझी गती रविवारी अर्ध्या फुलाची आहे. म्हणून उरलेले अर्धे पुढच्या रविवारी त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावरून पुरे करावे लागते.

असा पुरे करण्याचा रविवार नेमका संकष्टीला आला. झाडावर एकच फूल उरले होते, त्याच्यासमोर मी ब्रश भिजवून बसलो होतो, आणि शेजारच्या इमारतीतल्या काकू हातात परडी व आकडी घेऊन माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

“काकू, दहा मिनिटे थांबता का? एवढे चित्र होऊ द्या.”

“अहो, गणपती खोळंबलाय,” असे म्हणत त्यांनी चष्मा सारखा करून माझा कागद निरखला. दाद मिळणार म्हणून मी स्टूल थोडे बाजूला घेतले.

“सहा आहेत,” त्या म्हणाल्या.

“काय सहा?”

“पाकळ्या. जास्वंदीला पाच असतात. चाळीस वर्षे वाहतेय मी.”

मी मोजल्या. तीन मागच्या रविवारच्या होत्या आणि तीन आजच्या. खुलासा करावा म्हणून मान वर केली, तोवर आकडी फांदीवर पडली होती. काकूंनी फूल देठाशी धरून माझ्या नाकासमोर आणले, एकेका पाकळीला बोट लावून मला पाच मोजून दाखवल्या आणि ते परडीत ठेवले.

“राहिलेले आता आठवून काढा,” असे सांगून त्या दुर्वांकडे वळल्या.