पुनरावृत्त डीएनए: कचराही नव्हे, चमत्कारही नव्हे

पुनरावृत्त डीएनए, म्हणजे पुन्हापुन्हा येणारे एकसारखे तुकडे, हा जनुकसंचातला कचरा आहे, हे वाक्य आपल्याकडच्या नोट्समधून आता काढून टाकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्या जागी व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘डीएनएतले एकही अक्षर निरर्थक नाही’ हे वाक्य बसवायलाही माझा तितकाच विरोध आहे.

कोल्हापुरातल्या महाविद्यालयांत कांद्याच्या मुळाचे टोक ॲसिटोकार्माइनने रंगवून, काचपट्टीवर दाबून, पेशीविभाजन दाखवले जाते. ॲनाफेजमधली, म्हणजे गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे ओढली जात असतानाची, पेशी सापडली की गुणसूत्रे व्ही अक्षरासारखी वाकलेली दिसतात. व्हीचे टोक ध्रुवाकडे आणि दोन्ही बाहू मागे फरफटत. विद्यार्थी आकृती काढतात, टोकाला ‘सेंट्रोमिअर’ लिहितात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. खरे तर थांबायचे तिथेच असते. माणसाच्या गुणसूत्रात या जागी सुमारे 171 बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) अल्फा सॅटेलाइट नावाचा तुकडा, थोड्याफार फरकाने, हजारो वेळा पाठोपाठ आलेला असतो. त्यातल्या काही भागावर डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी नेहमीच्या एच3ऐवजी सेन्प-ए हे प्रथिन बसते, त्याच्या आधाराने कायनेटोकोअर हा प्रथिनांचा सांगाडा उभा राहतो आणि गुणसूत्रे ओढणारे तर्कूचे धागे त्यालाच जोडले जातात. शेजारच्या पुनरावृत्त पट्ट्यात हेटेरोक्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांसह गुंडाळलेला डीएनए, घट्ट आवळलेले असते आणि तिथले कोहेसिन हे प्रथिन दोन्ही क्रोमॅटिडना (गुणसूत्राच्या जुळ्या प्रतींना) विभक्त होण्याची वेळ येईपर्यंत धरून ठेवते. ज्या मजकुरातून एकही प्रथिन तयार होत नाही, त्याच्या जागेवर गुणसूत्रांची अचूक वाटणी अवलंबून असते.

तरीही अक्षरांचा क्रम म्हणजे सर्वस्व नव्हे. घोड्याच्या 11व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरमध्ये असा पाठोपाठ येणारा सॅटेलाइट डीएनए नाहीच आणि तरी तो आपले काम चोख करतो. माणसातही क्वचित असे नवे सेंट्रोमिअर तयार झालेले आढळतात. घाईने निष्कर्ष काढणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही उदाहरणे समोर ठेवावीत.

विभाजन नसतानाही या डीएनएला काम असते. फळमाशी आणि उंदीर यांच्या पेशींत निरनिराळ्या गुणसूत्रांवरचे सॅटेलाइट भाग एकत्र येऊन क्रोमोसेंटर बनवतात. फळमाशीतले डी1 आणि उंदरातले एचएमजीए1 ही प्रथिने, उसाची मोळी आवळावी तशी, ही गुणसूत्रे बांधून ठेवतात. ही प्रथिने काढून घेतली की केंद्रकातून तुकडे बाहेर पडून सूक्ष्मकेंद्रके तयार होतात, हे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. विखुरलेल्या पुनरावृत्तींचीही केंद्रकात आपापली वस्ती असते. माणसात सुमारे 300 बेसजोड्यांचे ॲलू घटक बहुतांशी सक्रिय जनुकांच्या भागात, तर एल1 घटक केंद्रकाच्या कडेला, शांत भागात आढळतात. ही मांडणी एल1 घडवतात की तिथे ते केवळ टिकून राहतात, हा वाद मला अधिक रोचक वाटतो.

आता कांद्याकडेच पाहू. त्याच्या जनुकसंचात सुमारे 16 अब्ज बेसजोड्या आहेत, म्हणजे माणसाच्या पाचपट. ज्या भातातून आपला आजऱ्याचा घनसाळ येतो, त्या भाताचे काम जेमतेम 40 कोटींवर भागते. कांद्यातला हा फुगवटा मुख्यतः पुनरावृत्त डीएनएचा आहे. प्रत्येक अक्षर कामाचे म्हणणाऱ्यांनी कांद्याला माणसाच्या पाचपट मजकूर कशासाठी लागतो ते सांगावे, असे आव्हान जीवशास्त्रज्ञ टी. रायन ग्रेगरी यांनी ‘कांदा चाचणी’ म्हणून दिले आहे, आणि माझ्या मते ते अजून कायम आहे. बराचसा फुगवटा उड्या मारणाऱ्या जनुकीय घटकांनी स्वतःच्या प्रती वाढवल्यामुळे झालेला आहे. त्यासाठी वनस्पतीचा फायदा शोधत बसण्याची गरज नाही.

दुर्लक्षाचे एक कारण तांत्रिकही होते. एकसारखे तुकडे शेजारी आले की कोणता कुठला हे जुळवता येत नसे, म्हणून 2003 साली पूर्ण म्हणून जाहीर झालेल्या मानवी जनुकसंचातही सुमारे 8 टक्के भाग कोराच होता. लांबलचक वाचन करणारी यंत्रे आल्यावर 2022 साली तो भरला, आणि त्यातला मोठा वाटा सेंट्रोमिअरच्या परिसराचा निघाला. त्यामुळे ‘पुनरावृत्त डीएनए उपयुक्त की निरुपयोगी’ हा प्रश्न परीक्षेत विचारणेच बंद करावे. कोणती पुनरावृत्ती, कोणत्या जीवात, गुणसूत्राच्या कोणत्या जागी, आणि ती काढली तर काय बिघडते, एवढे विचारले तरी पेपर पुरेसा कठीण होईल.